अस्सल बरहुकूम

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. घरी फोन लावला की आधी ऊस, मग कांदा, मग टोमॅटोचा भाव आणि सगळ्यात शेवटी बिबट्या, असा बोलण्याचा क्रम पूर्वी असायचा. अलीकडे बिबट्याच पहिला येतो. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते, त्यामुळे दादाला मोटर चालू करायला अंधारात जावंच लागतं आणि तो परत येईपर्यंत वहिनी बॅटरी घेऊन ओट्यावर बसून राहते. शेजारच्या शिरूर तालुक्यात गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या बायकांचे फोटो सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. ते फोटो खरे होते.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. रात्री नऊच्या सुमारास भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सीसीटीव्हीचा असतो तसा करडा, वरच्या कोपऱ्यातून घेतलेला. देवळासमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावरून बिबट्या सावकाश चालत येतो, पारावर झोपलेल्या कुत्र्याकडे जरा बघतो आणि भिंतीवरून पलीकडे उडी टाकतो. खाली ओळ होती, 'आत्ताच, आपल्या वेशीजवळ, सर्वांनी काळजी घ्या.' त्या रात्री गावातल्या निम्म्या मोटारी बंद राहिल्या. वनखात्याच्या माणसाला फोनावर फोन गेले. पहाटे डेअरीवर दूध घालायला बायका घोळक्याने गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच व्हिडिओ वहिनीच्या माहेरच्या ग्रुपवर, संगमनेरकडे, तीच ओळ घेऊन हजर.

पुण्यात मी तो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. बिबट्याचा मागचा पाय चालताना नेमका कुठे वाकतो ते कळत नव्हतं. पारावरचा कुत्रा एकदा पाच पायांचा झाला. पण माझं लक्ष गेलं ते उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याकडे. तिथे बोटाच्या ठशाएवढा एक धुरकट डाग होता आणि पूर्ण व्हिडिओभर तो जागचा हलत नव्हता. तिथे काहीतरी लिहिलेलं होतं आणि कोणीतरी ते पुसलं होतं.

म्हणजे लेबल होतं.

केंद्र सरकारने १० फेब्रुवारी २०२६ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती जाहीर केली आणि २० फेब्रुवारीपासून ती लागू झाली, तेव्हा मला पहिल्यांदा हा डाग आठवला. नियमाचा गाभा थोडक्यात असा. एआयने बनवलेलं किंवा बदललेलं चित्र, आवाज किंवा व्हिडिओ खऱ्या माणसासारखा, खऱ्या घटनेसारखा वाटत असेल, तर त्यावर ठळक दिसेल असं लेबल हवं. नुसता आवाज असेल तर आधी तसं बोलून सांगायला हवं. शिवाय फाइलच्या पोटात ती कुठल्या साधनाने बनली याची न पुसता येणारी खूण ठेवायची. पन्नास लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपन्यांनी टाकणाऱ्यालाच विचारायचं की हे एआयचं आहे का, आणि त्याच्या उत्तरावर विसंबून न राहता तांत्रिक उपायांनी पडताळून पाहायचं. जाणूनबुजून काणाडोळा केला तर लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल कंपनीला कायद्याने मिळणारं संरक्षण जातं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला मसुदा याहून कडक होता. लेबलाने पडद्याचा किमान दहावा भाग व्यापला पाहिजे आणि आवाज असेल तर पहिला दहा टक्के वेळ त्यात गेला पाहिजे, असं त्यात होतं. कल्पना करा, दहा मिनिटांच्या कीर्तनात पहिलं एक मिनिट 'हा आवाज यंत्राने बनवलेला आहे'. कंपन्यांनी ओरड केली, टक्केवारी गेली, 'ठळक' हा शब्द राहिला. रंग उजळणं, खरखर काढणं, भाषांतर, उपशीर्षकं असल्या नेहमीच्या कामांना सूटही मिळाली. मसुद्यापेक्षा अंतिम नियम शहाणा आहे, हे मान्य करायला हवं.

आणि लेबल मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या घरात मी स्वतः एक लावलंय. भाच्याने माझ्या वडिलांच्या जुन्या फोटोवरून संगणकाकडून एक नवा करून घेतला. रंगीत, हसरा, फेटा अगदी कडक. छापून, चौकट करून तो हौसेने आईसमोर धरला. आईने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे असे कधी हसले नाहीत. पुढचा दात पडल्यापासून फोटोत तोंड मिटूनच असायचे." यंत्राने दात बसवून दिला होता. फोटो भिंतीवर लागला, कारण भाचा हिरमुसला असता. पण टांगण्याआधी मी चौकटीच्या पाठीवर पेनाने लिहिलं: मूळ फोटो कपाटातल्या लाल अल्बममध्ये, हा संगणकाने केलेला. आई आहे तोवर या ओळीची गरज नाही. पुढे नातवंडं-पतवंडं हाच फोटो खरा धरतील, त्यांच्यासाठी ती आहे.

लेबलाचा उपयोग हा असा आहे. जो फसवायला बसलेला नाही, तो पुढच्याच्या सोयीसाठी लिहून ठेवतो. जाहिरातीत एआयची बाई साडी नेसून उभी असेल तर दुकानदाराने तसं सांगावं. बातमीत एआयचं चित्र असेल तर वर्तमानपत्राने सांगावं. महाराजांच्या गडकोटांवरच्या ज्या रील हल्ली सकाळ-संध्याकाळ येतात, त्या करणाऱ्या पोरांनीही खुशाल सांगावं, त्यांची मेहनत काही कमी होत नाही. इथे कायदा माणसाला आठवण करून देतो आणि माणूस ऐकतो.

बिबट्याचा व्हिडिओ करणारा मात्र ऐकणाऱ्यातला नव्हता. ज्या साधनाने त्याने तो बनवला, त्या साधनाने इमानेइतबारे आपली खूण उमटवली होती. पुढे माणसाने ती पुसली. फाइलच्या पोटातली खूणही फार टिकत नाही. समाजमाध्यमावर चढवताना फाइल आकसते तेव्हा ती बऱ्याचदा गळून पडते, आणि मोबाइलच्या पडद्याचंच चित्रीकरण केलं तर हातात येते ती नवी कोरी फाइल, जिला मागचा-पुढचा काही पत्ता नसतो. पिक्सेलमध्येच विणलेल्या खुणा जास्त चिवट असतात, पण त्या शोधायला ज्याच्या त्याच्या कंपनीचं यंत्र लागतं. शिवाय ज्याला खुणेचीच अडचण वाटते तो खूण न करणारं साधन उतरवून घेतो; तशी फुकट मिळतात. व्हॉट्सअॅपवरचा निरोप तर टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद. तिथे पडताळणी करायला मध्ये कोणी बसलेलंच नाही, आणि बसू नये.

अशा वेळी लेबलाचा भार पडतो तो भलत्यावरच. २०२४ मध्ये मेटाने फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर 'एआयने बनवलेलं' असा शिक्का मारायला सुरुवात केली. छायाचित्रकारांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोतला एखादा ठिपका एआयच्या हत्याराने पुसला, तरी पूर्ण फोटोवर तो शिक्का बसू लागला. आरडाओरडा झाला आणि जुलैमध्ये कंपनीने शब्द बदलून नुसतं 'एआय माहिती' केलं. उन्हातान्हात उभं राहून फोटो काढणारा खोटारडा ठरला आणि ज्याने खूण पुसली तो साव. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आता नोव्हेंबर २०२४ आठवा. विधानसभेचं मतदान २० तारखेला. १९ च्या संध्याकाळी काही ध्वनिफिती फिरू लागल्या. बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचं बोलणं, आणि आवाज सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचा असल्याचा दावा. भाजपच्या अधिकृत खात्यावरूनही त्या गेल्या. दोघांनी आवाज आपला नसल्याचं सांगितलं, सुळेंनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. तथ्य तपासणाऱ्यांनी ओळखयंत्रांतून फिती घातल्या, तेव्हा त्यातल्या बहुतेक एआयने बनवल्याचा कौल निघाला. इतकं होईपर्यंत मतदानाच्या रांगा लागायची वेळ आली होती. गावोगाव चहाच्या टपरीवर लोकांनी आपापला निकाल देऊन टाकला होता, आणि तो आवाजावरून नव्हे, पक्षावरून.

आजचा नियम तेव्हा असता तर काय झालं असतं? फीत बनवणाऱ्याने सुरुवातीला 'हा आवाज बनावट आहे' असं म्हटलं असतं का? समाजमाध्यमाच्या यंत्राने मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळलेलं, फोनवरून फोनवर गेलेलं, खरखरीत बोलणं तासाभरात ओळखलं असतं का? ही यंत्रं टक्केवारीत बोलतात. ऐंशी टक्के बनावट म्हणजे काय, हे न्यायाधीशालाही ठरवायला वेळ लागेल, तिथे मतदाराने काय करायचं? निवडणूक आयोगानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये बिहार निवडणुकीच्या तोंडावर पक्षांना लेबलाचे आदेश दिले आणि तिथेही दहा टक्क्यांचं माप होतं. पक्षाच्या नावाने, पक्षाच्या खात्यावरून निघालेल्या व्हिडिओला ते लागू करता येतं आणि करायलाच हवं. निनावी फितीला कोण लागू करणार?

माझी खरी काळजी याच्या पुढची आहे. गावात पुढे काय झालं ते सांगते. बनावट व्हिडिओचं बिंग फुटलं, ग्रुपवर दोन दिवस हशा झाला, टाकणाऱ्या पुतण्याला सगळ्यांनी झापलं. तीनेक आठवड्यांनी डेअरीच्या कॅमेऱ्यातला एक तुकडा आला. पहाटेचे चार-सव्वाचार, बाभळीमागून काहीतरी निघतं आणि गोठ्याच्या दिशेने जातं. खाली पहिली प्रतिक्रिया: 'एआय आहे रे'. मग हसण्याचे पिवळे चेहरे, रांगेने. एकाने लिहिलं, 'लेबल कुठाय?' सकाळी डेअरीमागच्या घरातली कालवड गेलेली होती. माणूस वाचला, म्हणून ही गोष्ट मला अशी सांगता येते.

लांडगा आला रे आला या गोष्टीत पोरगा खोटं बोलला म्हणून गावाने विश्वास ठेवणं सोडलं. इथे खोटं बोलणारा एक आणि खरं सांगणारा दुसराच, तरी शिक्षा दुसऱ्याला. खोट्यांचा सुकाळ झाला की खऱ्याला नाकारणं स्वस्त होतं. लाच घेताना सापडलेला माणूस 'हा व्हिडिओ एआयचा आहे' म्हणून मोकळा होऊ शकतो, आणि अर्धं गाव त्याच्या बाजूने उभं राहायला वाक्य शोधतच असतं. लेबलाचा नियम या रोगावर औषध म्हणून आणलाय, पण त्याचा एक उपद्रव आहे. 'लेबल असेल ते खोटं' ही सवय लागली की 'लेबल नाही ते खरं' ही तिच्या मागोमाग येते. ज्याने खूण पुसली त्याच्या मालाला मग आपोआप खरेपणाचा दाखला मिळतो. दाखला देणारा कोण, तर कायदा.

लेबलांची सवय होऊन ती दिसेनाशी होतात हा आणखी एक भाग. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी बाजाराच्या जोखमीचं जे वाक्य धापा टाकत उरकतात, ते ऐकून कोणी गुंतवणूक थांबवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आणि जी लेबलं मला आज दिसतात ती इंग्रजीत, बारीक, राखाडी अक्षरांत. वहिनी बारावी झालीय, तिला इंग्रजी अक्षरं लागतात, पण त्या दोन अक्षरांचा अर्थ तिला तोंडी समजावून सांगावा लागला. व्हिडिओ मराठीत असेल तर लेबल मराठीत का नको? 'यंत्राने बनवलेलं' एवढं पुरे आहे.

काही ठिकाणी तर लेबल हा क्रूर विनोद होतो. जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला एक्सवरच्या ग्रोक या एआय यंत्राला लोक बायकांचे फोटो देऊन त्यांचे कपडे उतरवायला सांगत होते आणि ते यंत्र उतरवून देत होतं, उघड्या चव्हाट्यावर. ती चित्रं यंत्राची आहेत हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या अर्थाने लेबल होतंच. त्या बाईचं नुकसान त्याने कणभर कमी झालं नाही. सरकारने २ जानेवारीला एक्सला नोटीस काढली ते योग्य केलं. नव्या नियमांत असली चित्रं लेबलाच्या वाटेला न जाता मुळातच रोखायची आहेत, आणि तक्रार आल्यावर ती उतरवायची मुदत चोवीस तासांवरून दोन तासांवर आणलीय. या दोन तासांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. कॉलेजातल्या पोरीच्या बाबतीत चोवीस तास म्हणजे सगळं कॉलेज.

मात्र त्याच कागदात, लेबलाच्या पदराआड, आणखी एक मुदत बदलली आणि तिच्यावर चर्चा फार कमी झाली. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना आली की मजकूर उतरवायला पूर्वी छत्तीस तास होते. आता तीन. आणि हे नुसत्या एआयच्या मजकुराला नाही; सरकार ज्याला बेकायदा म्हणेल त्या सगळ्याला, मग तो माणसाने हाताने लिहिलेला का असेना. तीन तासांत कंपनीतला माणूस काय करेल? वकिलाला विचारेल, कायदा उघडेल, मराठीतला उपहास समजून घेईल? तो उतरवून मोकळा होईल. उतरवलं तर त्याला कोणी विचारत नाही. ठेवलं आणि चुकलं तर संरक्षण जातं. संशय आला की काप, एवढाच व्यवहार उरतो. ज्याचा मजकूर गेला त्याने मग कोर्टाची पायरी चढावी, महिने मोजावेत.

हा धोका महाराष्ट्राला परका नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. पुढे २०२३ मध्ये केंद्राने आपल्या कामकाजाविषयी खरं काय नि खोटं काय हे ठरवायला स्वतःचाच तथ्य-तपास कक्ष नेमायचं ठरवलं. त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत एक विनोदवीर होता, कुणाल कामरा. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती चांदुरकर यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला. ज्याच्यावर टीका होते त्यानेच टीका खरी की खोटी ते ठरवू नये, एवढी साधी गोष्ट मुंबईच्या कोर्टाला सांगावी लागली. दीडेक वर्षात तीन तासांची घाई दुसऱ्या दाराने आत आली.

उपहासाचं काय, हा प्रश्न इथेच येतो. व्यंगचित्र ओळखू येतं. नाक लांब, पोट सुटलेलं, रेघ माणसाची. एआयने केलेली नेत्याची नक्कल मात्र हुबेहूब असते, तीच तिची गंमत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात कला आणि उपहासाला सैल माप लावलंय. लेबल हवं, पण कलाकृतीचा विचका होणार नाही अशा रीतीने. आपल्या नियमांतल्या सुटींच्या यादीत खरखर काढणं आहे, उपहास नाही. चीनमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून दिसणारं आणि लपलेलं अशी दोन्ही लेबलं सक्तीची आहेत. तिथे उपहासाचा प्रश्न वेगळ्याच मार्गाने सुटलेला असल्यामुळे आपल्याला तिथून शिकण्यासारखं तेवढंच.

मग करायचं काय? मला वाटतं आपण खूण चुकीच्या बाजूला लावतोय. सराफाच्या दुकानात बेंटेक्सच्या बांगडीवर 'हे सोनं नव्हे' असं कोरायची सक्ती कोणी केलेली नाही. खूण असते सोन्यावर. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक मोबाइलवर टाकून कुठल्याही गिऱ्हाइकाला पाहता येतो. ज्यावर क्रमांक नाही ते पितळ असेलच असं नाही, पण भाव करताना आपण सावध होतो. खोटं करणाऱ्याला खूण करायला लावणं अवघड, कारण त्यात त्याचा तोटा आहे. खरं करणाऱ्याला खूण हवीच असते, तो ती जपतो.

तहसील कचेरीत ज्याने उतारे काढलेत त्याला 'अस्सल बरहुकूम नक्कल' हे शब्द माहीत असतील. परगावच्या माणसाला त्याचं हसू येतं. अस्सल म्हणता आणि नक्कलही म्हणता? पण त्या तीन शब्दांत सगळं शहाणपण आहे. हा कागद नक्कलच आहे, कोणी लपवत नाही; पण ती मुळाप्रमाणे आहे, आणि मूळ कुठल्या दप्तरात आहे ते खाली सही करणाऱ्याला विचारा. २०१८ पासून सातबारा डिजिटल सहीचा मिळतो. त्यावर पडताळणी क्रमांक असतो, बँकेचा माणूस तो संकेतस्थळावर टाकतो आणि उतारा खरा की कोणी नाव घुसवलंय ते तिथल्या तिथे कळतं. दादाच्या दीड एकराला जी सोय आहे, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला नाही. दर पावसाळ्यात 'उद्या शाळांना सुट्टी' म्हणून खोटे आदेश फिरतात, शिक्का-सहीसकट, आणि खरा आदेशही तसाच व्हॉट्सअॅपवर फोटो होऊन येतो. दोन्हींत फरक करायचा कसा? काखेत कळसा असून सरकार गावाला वळसा घालतंय.

तंत्रही नवं शोधायचं नाही. कॅमेऱ्यातून फोटो निघतानाच त्यावर सही उमटावी आणि पुढचा प्रत्येक बदल सोबत नोंदला जावा, यासाठी अॅडोबी, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांनी २०२१ मध्येच एक सामायिक प्रमाण ठरवायला घेतलं. काही कॅमेरे तशी सही करूही लागलेत. त्यातही खोड्या आहेत, सही गळून पडते, खोट्या पडद्याचा खरा फोटो काढता येतो. पण मुख्यमंत्र्यांचं भाषण, वनखात्याचा इशारा, आयोगाची घोषणा, पोलिसांचं आवाहन या सगळ्यांनी तरी आपल्या मालावर पडताळता येणारी सही घालायला कोणाची हरकत असणार? लेबलाच्या नियमासाठी कंपन्यांना दहा दिवसांची मुदत दिली होती. सरकारने स्वतःलाही एखादी तारीख द्यावी.

आपल्याकडच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हे नव्याने सांगायला नको. शिवाजी महाराजांचं म्हणून एके काळी भलत्याच सरदाराचं चित्र खपत होतं. वा. सी. बेंद्रे यांनी डचांच्या कागदांतून महाराजांचं अस्सल चित्र उजेडात आणलं, तेव्हा ते चेहऱ्याच्या तेजावरून अस्सल ठरलं नाही. चित्र कोणाच्या दप्तरातून आलं, कोणत्या कागदासोबत आलं, याने ते ठरलं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली तीही याचसाठी. चित्राकडे टक लावून बसण्यापेक्षा ते कुठून आलं हे विचारणारी ही माणसं होती. आज आपण पोरांना शाळेत बनावट चित्रातली बोटं मोजायला शिकवतो. पुढच्या वर्षी बोटं बरोबर येतील.

सचिन तेंडुलकर यांचा खेळाच्या अॅपची जाहिरात करणारा खोटा व्हिडिओ जानेवारी २०२४ मध्ये फिरला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खात्यावरून तो खोटा असल्याचं सांगितलं आणि मुंबईच्या सायबर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. लोकांनी विश्वास ठेवला, कारण खातं ओळखीचं होतं. आशा भोसले यांच्या आवाजाच्या नकलेला मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये लगाम घातला. मोठ्या माणसांकडे खातं असतं, वकील असतो. डेअरीमागच्या घराकडे यातलं काही नाही. त्यांच्यासाठी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा फोन क्रमांक आहे खरा, पण तो पैसे लुटले गेल्यावर लावायचा. बिबट्यासाठी नाही.

गावाने आपल्यापुरता उपाय काढलाय. कालवड गेल्यानंतर पोलीस पाटलांनी ग्रुपवर ताकीद दिली की बिबट्याचा कुठलाही व्हिडिओ कोणी परस्पर टाकायचा नाही, आधी त्यांना कळवायचं. मग ते स्वतः मोटरसायकलवर जाऊन बघतात. मागच्या आठवड्यात दादाने त्यांचा एक व्हिडिओ मला पाठवला. फोन हातात थरथरतोय, मागे डेअरीची पाटी पूर्ण दिसेल असे ते उभे आहेत, बाजूला गावातली आणखी दोन माणसं. ते आधी तारीख सांगतात, मग वेळ, मग गट नंबर. मग फोन खाली जमिनीकडे वळवतात, ओल्या मातीत ठसा आहे, शेजारी मापाला काडेपेटी ठेवलेली. "मी स्वतः बघितलंय," असं म्हणतात, "आज रात्री पाणी द्यायला एकट्याने जाऊ नका."

दादा त्या रात्री गेला नाही.